कागदावर नसलेले उंट

फाल्गुन सरत आला होता आणि वारा खाऱ्या रणाकडून फिरला होता. तो फिरला की पहाटेच्या गारठ्यातही ओठांवर मीठ येतं, आणि उगवतीला सूर्याच्या आधी धूळ वर येते. त्या धुळीत भचीबेन मेंढवाड्यात एक पाय लांब करून बसली होती आणि कोकरं पाजत होती. दिवसभर मेंढ्या रानात, कोकरं घरी. म्हणून सकाळ-संध्याकाळ दोघांची गाठ घालून द्यावी लागते. सगळी एकदम सोडली तर दांडगं कोकरू तीन आयांचं पिऊन घेतं आणि मरतुकडं तसंच राहतं. ती एकेक उचलायची, त्याच्या कपाळाकडे बघायची, आणि नेमकी त्याचीच आई पायाला धरून ओढून आणायची. पन्नासेक मेंढ्या, पन्नासेक कोकरं, सगळी काळ्या तोंडाची, सगळी एका सुरात ओरडणारी. चूक व्हायची नाही. एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, कसं ओळखता? ती म्हणाली, "तुम्ही तुमची बायको बाजारात कशी ओळखता? तिच्या कानात बिल्ला ठोकलाय का?"

आमचं वेरसर गाव आहिरांचं. गावापासून हाकेच्या अंतरावर मालधारी, म्हणजे जनावरं राखणाऱ्या, रबारींची वांढ, चाळीसेक घरांची वस्ती. भची या वांढीवर सून म्हणून आली त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. मनगटापासून गळ्यापर्यंत गोंदलेली, डोक्यावरून काळ्या लोकरीची ओढणी, लुडी, आवाज असा की अर्ध्या कोसावरची शेळी मान वर करून बघेल. सत्याऐंशीच्या दुष्काळात ती आणि तिचा नवरा रणमल कळप घेऊन झालावाडाच्याही पलीकडे चालत गेले होते. पाठीवर तान्ही पोर आणि उंटावर उलटी बांधलेली खाट. पुढं बरीच वर्षं ती दर हिवाळ्यात अशीच चालली. मग थोरल्या दिराच्या उंटानं लाथ घातली आणि उजवा गुडघा गेला. "उंटाची चूक नव्हती," ती सांगते, "मालकाचा राग त्यानं माझ्यावर काढला."

तेव्हापासून दिवाळी झाली की रणमल आणि दोघं मुलगे मोठा कळप घेऊन बाहेर पडतात, ते जेठ महिन्यात पेरणीच्या आधी परततात. भची विणाऱ्या मेंढ्या घेऊन मागं राहते. लांबच्या चराईला जाणं तिला जमत नाही. पण वांढीला लागूनच गायरान आहे, शहाण्णव एकरांचं. बोरी, पिलू, शमी, पावसाळ्यात गुडघाभर गवत, आणि मधोमध एक तळी. मेंढवाड्याचं फाटक उघडलं की मेंढरं आपल्या पायानं तिथं जातात आणि ही मागून काठी टेकत. ते गायरान आहे तोवर भची मेंढरांची मालकीण. ते नसलं तर लेकाच्या दारात बसून खोकणारी एक म्हातारी. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या सकाळी ती मेंढ्यांच्या मागं गायरानात शिरली तर तळ्याच्या अलीकडे तीन माणसं खुंट्या ठोकत होती. लाकडी, टोकाला लाल रंग फासलेल्या. एका खुंटीला तिची मेंढी आधीच अंग घासत होती.

"काय पेरताय?" भचीनं विचारलं.

"मोजणी चाललीये, मासी," त्यातला टोपीवाला म्हणाला. "गॅसची पाइपलाइन जाणार आहे इथून."

"कुठून येणार?"

"बंदरावरून."

"जाणार कुठं?"

"लांब. उत्तरेला, कारखान्यांना."

"मधे आमच्या चुलीशी थांबणार का?"

टोपीवाला हसला. "नाय मासी, ती न थांबता जाते."

"मग अशा पाव्हण्याला घरातून का नेता? रस्त्यानं न्या की."

रस्त्यानं का नाही, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. रस्त्याकडेनं नेली तर ती सोळा आहिरांच्या बांधावरून जाते. पाइपावर झाड लावायचं नाही, विहीर खणायची नाही, भिंत घालायची नाही. गायरानातून नेली तर कुणाचंच काही जात नाही, असं ज्यांच्याकडे मेंढरं नव्हती त्यांना मनापासून वाटत होतं.

"आणि ही खुंटी पाइपाची आहे तर ती तिकडची कशाची?" भचीनं काठीनं दाखवलं. खुंट्या एका रांगेत नव्हत्या. गायरानाच्या चारी अंगांनी होत्या, पार वांढीच्या कुंपणापर्यंत.

टोपीवाल्यानं कागद बघितला. "सगळाच तुकडा मोजायचा आहे. पंचायतीत नोटीस लागलीय, वाचा."

भचीला वाचता येत नाही. ती मेंढ्या तिथंच सोडून गावात आली ती थेट उमर सुमराच्या शिलाईच्या दुकानात. उमर गावाचे कपडे शिवतो आणि गावाचे कागद वाचतो. दोन्हीचं माप त्याला बरोबर कळतं. त्यानं मशीन थांबवलं, पंचायतीच्या फळ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि परत येऊन कात्री-टेप आवरू लागला.

"बोल की," भची म्हणाली. "कुणी मेलंय का?"

"गुरुवारी ग्रामसभा आहे. पाइपासाठी आणि गॅस चालू-बंद करायच्या चाव्यांच्या ठाण्यासाठी कंपनीला लागते अकरा एकर. पण ठराव आहे सगळ्या शहाण्णवाचा. गायरान हे नाव काढून औद्योगिक वापर लिहायचं. म्हणजे पुढं कुणी कारखाना घालायचा म्हणाला तर गावाला पुन्हा विचारायला नको."

"पाव्हणा मागतो पाणी आणि हे त्याला विहीर लिहून देतात."

"अजून आहे." उमरनं टोपी सारखी केली. "खाली लिहिलंय की या जमिनीत बरीच वर्षं कुणी जनावर चारत नाही. तसं मालधाऱ्यांनीच लिहून दिलंय. तेवीस अंगठे आहेत. तुझ्या घरचाही आहे."

भची दुकानाच्या पायरीवर बसली. मग तिनं लुडीच्या गाठीतला फोन काढला आणि उमरकडूनच लावून घेतला. रणमल कुठंतरी झालावाडात कापसाच्या रानात होता. पलीकडून मेंढरंच आधी ऐकू आली.

"ऐकलं का," ती म्हणाली. ती नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, वांढीवरची कुणीच बाई मारत नाही. "कार्तिकात तुम्ही तलाठ्याच्या कागदावर अंगठा दिलाय?"

"दरसाल देतो. दाखल्याचा. त्याच्याबिगर बाहेरच्या गावात मेंढरं शिरू देत न्हाईत."

"एक कागद होता का दोन?"

"दोन होते बहुतेक. पुढचा म्हणाला नवीन नियम आहे. आम्ही रांगेत होतो, कळप रस्त्यावर उभा होता, पोलीस हॉर्न वाजवत होता. दिला."

हा रिवाजच होता. दिवाळीनंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवशी तलाठी वांढीच्या नाक्यावर टेबल टाकतो, कळप बांधून तयार असतात, उंटांवर खाटा चढलेल्या असतात, आणि बाप्ये रांगेनं अंगठे देत बाहेर पडतात. पिढ्या गेल्या, तो कागद कुणी वाचून घेतला नाही. कारण त्या कागदात निघण्याशिवाय दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मी येऊ का?" रणमलनं विचारलं.

"येऊन काय करणार, दुसरा अंगठा देणार? मेंढरं सांभाळा." तिनं फोन उमरच्या हातात दिला. "बंद कर. ते माझ्यानं होत न्हाय."

तीन दिवस वांढीवर आणि गावात हेच चाललं होतं. विहिरीवर, दूध डेरीत, चहाच्या टपरीवर. सरपंच खेताभाई आहीर वाईट माणूस नाही. आठवीच्या पुढं गावात शाळा नाही. पोरी घरी बसतात आणि अठरा भरायच्या आत लग्नं होतात, हे त्याला खरंच खुपतं. त्याची स्वतःचीच लेक बसली होती. कंपनीनं चार खोल्या बांधून द्यायचं कबूल केलं होतं. तो भचीच्या दारात स्वतः आला.

"भचीबेन, पाच-पंचवीस मेंढ्यांसाठी गावाच्या पोरींचं नशीब अडवू नकोस."

"बस, चहा घे," भची म्हणाली. उंटिणीच्या दुधाचा चहा त्याच्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "पोरींनी शिकावं. मी शिकले असते तर आज तुझी नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेतली नसती. पण खोल्या चार, पाइप एक, आणि जमीन शहाण्णव एकर, हा हिशेब तुला कुठल्या शाळेत शिकवला?"

"पाइप जमिनीखाली जातो. वर गवत पुन्हा उगवतं."

"गवत उगवेल. पण कागदात गायरान उगवत न्हाय, खेताभाई. तिथं एकदा कारखाना लिहिलं की मेंढी आत गेली तर ती चोर."

खेताभाईनं चहा संपवला, बशी पुसली आणि गेला. जाताना म्हणाला, "तुझे थोरले दीर मात्र समजूतदार आहेत."

हीच खरी अडचण होती. सजणभा हे वांढीचे आगेवान, म्हणजे म्होरके, आणि रणमलचे थोरले भाऊ. वय सत्तरीचं, अंगात पांढरंशुभ्र घेरदार केडियू, कानात सोन्याच्या बाळ्या. त्यांचे अकरा उंट म्हणजे त्यांची अकरा लेकरं. महिन्यापूर्वी कंपनीनं तालुक्याला बोलावून त्यांना शाल पांघरली होती, खुर्चीवर बसवून फोटो काढला होता. रबारी माणसाला कुणी खुर्ची देत नाही. देशभर फिरतो पण सगळीकडे उभाच असतो. ती खुर्ची सजणभांच्या डोक्यात गेली होती. ठरावाला वांढीतर्फे होकार तेच देणार होते.

गुरुवारी पंचायतीसमोरच्या लिंबाखाली मांडव घातला. वर चौथऱ्यावर चार खुर्च्या: मधे मामलेदार, एका बाजूला कंपनीचे साहेब आणि सरपंच, दुसऱ्या बाजूला सजणभा, शाल घेऊन. तलाठी खाली टेबलापाशी. पुढं आहीर, मागं वांढीवरचे म्हातारे, आणि डाव्या अंगाला, लिंबाच्या बुंध्याशी, बायका. भची बुंध्याला टेकूनच बसली होती. समोर थोरले दीर, म्हणून लुडी पार हनुवटीपर्यंत ओढलेली.

तलाठ्यानं ठराव वाचला. कंपनीच्या साहेबांनी सुरक्षेबद्दल, खोल्यांबद्दल आणि देशाच्या प्रगतीबद्दल सांगितलं. बोलले चांगलं. मग मामलेदार म्हणाले, "मालधाऱ्यांचं काय म्हणणं आहे? त्यांच्या वतीनं हे भा आहेत."

सजणभांनी घसा साफ केला. "आमची हरकत न्हाय. आमची जनावरं तिथं चरत न्हाईत. लिहून दिलेलं आहे."

मागं वांढीवरच्या म्हाताऱ्यांत कुजबुज झाली, पण आगेवानाच्या तोंडावर कोण बोलणार. तेवढ्यात डाव्या अंगाकडून आवाज आला, अर्ध्या कोसावरच्या शेळीला पोचणारा.

"लिंबा, ऐकलंस का रे?"

सगळ्या माना वळल्या. भची तशीच बसलेली, लुडी ओढलेली, तोंड झाडाकडं.

आमच्याकडे थोरल्या दिरासमोर सून तोंड उघडत नाही आणि त्यांच्याशी सरळ बोलत नाही. बोलायचंच असलं तर मधे कुणाला तरी घेते: पोराला, शेळीला, भिंतीला. वांढीवरच्या घराघरात सुना भिंतींशी भांडत आल्या आहेत, आणि भिंतीपलीकडे ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलेलं आहे. पण हे घरात. ग्रामसभेत, मामलेदारासमोर, कुणी झाडाला हाक मारलेली आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लिंबा," भची म्हणाली, "थोरले म्हणतात आपली जनावरं तिथं न्हाईत. मोठ्यांचं खोटं कसं असेल? मग माझ्या मेंढ्या रोज चरतात ते कुठं? मला वाटतं माझे डोळे गेले."

बायकांत खसखस पिकली.

"हे काय चाललंय?" मामलेदारांनी विचारलं. माणूस नवा होता, दक्षिण गुजरातचा. "बाई कुणाशी बोलतायत?"

"झाडाशी, साहेब," उमर सुमरा खालून म्हणाला.

"का?"

"थोरले दीर समोर आहेत. रिवाज आहे."

"मी झाडाशी बोललेलं कामकाजात कसं लिहू? हरकत असेल तर उभं राहून, नाव सांगून, माझ्याकडे बघून बोलायला सांगा."

"लिंबा, साहेबांना सांग," भची म्हणाली, "की थोरले खुर्चीवर आहेत तोवर माझं तोंड उघडणार न्हाय. साहेबांचा कायदा साहेबांपाशी, माझा माझ्यापाशी. घाई न्हाय. मला झाड पुरतं."

कंपनीच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. सजणभांनी मान आणखी ताठ केली. त्यांना वाटलं, सून आता चारचौघांत थकेल. सजणभा तिला पंचेचाळीस वर्षं ओळखत होते, पण एवढी वर्षं ते तिला लुडीतूनच ओळखत होते.

"अजून एक विचार त्यांना, लिंबा. सकाळी मी गायरानात अकरा उंट बघितले. तळ्याकाठच्या पिलूत. एकाचा डावा कान फाटलेला, एकीच्या मागं पिल्लू. आता कागद म्हणतो तिथं जनावर न्हाय. थोरले म्हणतात न्हाय. मामलेदार साहेबांनी शिक्का मारला तर ते कायद्यानं न्हाय. म्हणजे ते उंट कुणाचेच न्हाईत."

मागचे म्हातारे आता सरसावून बसले होते.

"बेवारस जनावर दिसलं तर काय करायचं असतं, लिंबा? जो बांधील त्याचं. माझ्या घरात दावी पुष्कळ आहेत. सभा उठली की मी जाते आणि अकराही हाकून माझ्या वाड्यात घालते. उद्या कुणी मागायला आलं तर कागद दाखवीन. म्हणीन, भाऊ, तुमचे उंट कसे असतील, तुमचे उंट तर तिथं चरतच न्हाईत."

आधी एक आहीर हसला, दाबून. मग त्याच्या शेजारचा. मग सगळा मांडव. खेताभाईनंही तोंडावर हात धरला. एकटे सजणभा हसत नव्हते. ते गायरानाच्या दिशेला बघत होते. चौथऱ्यावरून तळ्याकाठची पिलूची झाडं दिसतात, आणि त्यात उंटांच्या माना. फाटक्या कानाचा सगळ्यांत उंच होता.

हसू विरलं. मामलेदार काही बोलणार एवढ्यात सजणभांनी काठी घेतली.

"साहेब, तुमचं चालू द्या," ते म्हणाले. "मी जरा उंट बघून येतो."

"भा, ठराव..."

"उंट तहानलेत," सजणभा म्हणाले आणि चौथऱ्यावरून उतरले. शाल खुर्चीच्या पाठीवर राहिली. वांढीवरच्या म्हाताऱ्यांमधून त्यांनी वाट काढली, कुणाकडे बघितलं नाही, आणि गायरानाकडे चालू लागले.

त्यांची पाठ मांडवाबाहेर गेली तशी भचीनं काठी टेकली, बुंध्याला धरून उठली आणि लुडी कपाळावर सारली. गावातल्या कित्येक आहिरांनी तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला.

"लिहा," ती तलाठ्याला म्हणाली.

"नाव?"

"भची."

"पूर्ण. नवऱ्याचं नाव?"

भची त्याच्याकडे बघत राहिली. "ते तुम्हाला माहीत आहे. त्यांचा अंगठा तुम्हीच घेतलाय." बायकांतून दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, "रणमल, रणमल लिहा," आणि तलाठ्यानं मान न उचलता लिहिलं.

"साहेब," आता ती मामलेदारांशी बोलत होती, "तेवीस अंगठे दिले ते निघायच्या घाईत. दाखला समजून दिले. ती आमची चूक. अडाणीपणाची चूक, ती मी सांगायला लाजत न्हाय. पण ज्यानं दोन कागद एकावर एक ठेवले तो अडाणी न्हवता."

तलाठ्याची लेखणी थांबली. मामलेदारांनी त्याच्याकडे बघितलं आणि हात पुढं केला. तलाठ्यानं फाईल दिली. मामलेदार ती चाळत राहिले. कागदाची तारीख, कळप निघाले त्याच दिवसाची, त्यांनी बोटानं दोनदा दाबून बघितली.

"पाइप न्यायचा तर न्या," भची म्हणाली. "आम्ही कुणाचा दिवा विझवायला आलो न्हाय. रस्त्याकडेनं न्या. तिथं आधीच काही उगवत न्हाय."

"रस्त्याकडेला आमचे बांध आहेत," पुढं बसलेला जेसंग आहीर म्हणाला. त्याची सगळ्यांत मोठी जमीन. "तुझं गवत वाचवायला आमच्या बांधावर गंडांतर?"

"जेसंगभाई, तुझ्या बांधाचे दोन हात जातील, त्याची भरपाई मिळेल. माझं सगळं जाईल, त्याची मिळणार न्हाय, कारण ते माझं न्हवतंच, गावाचं होतं. आता ऐक. जेठात कळप परत येतील. तुझ्या शेतात दरसाल किती दिवस मेंढरं बसतात?"

जेसंगनं मान वळवून शेजाऱ्याकडे बघितलं.

"पंधरा दिवस. तुझ्या बापाच्या वेळेपासून. लेंडीखत पडतं, मग तुझा एरंड डोक्याएवढा होतो, आणि तू सगळ्यांना सांगतोस बियाणं चांगलं होतं." मागून कुणीतरी हुंकारलं. "गायरान गेलं तर कळप इथं यायचं कशाला? चरायला जागा न्हाय तिथं मेंढरू नुसतं हगायला येत न्हाय. ज्याचा हात आज वर जाईल त्याच्या शेतात वांढीचं एक मेंढरू बसणार न्हाय. ह्या साली न्हाय, पुढच्या साली न्हाय, माझ्या नातवंडांच्या साली न्हाय."

"ही धमकी आहे," कंपनीचे साहेब म्हणाले.

"व्हय," भची म्हणाली. "साहेबांनी बरोबर ओळखलं. लिहा तेपण."

मग वाद झाला, खरा वाद, दोन तास. एक पोरगा म्हणाला, कंपनीत चौकीदाराची नोकरी मिळेल. दुसरा म्हणाला, चार नोकऱ्या, त्यात दोन सरपंचाच्या भाच्यांना. खेताभाई उसळून उठला, त्याला खाली बसवलं. कुणी म्हणालं, खताच्या गोण्या काय भावानं पडतात ते माहीत आहे का. कुणी म्हणालं, रबाऱ्यांचं ऐकून गाव मागं राहील. खेताभाईची बायको लक्ष्मी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, शाळेच्या खोल्या ठरावात कुठं लिहिल्यात ते दाखवा. शोधलं. लिहिल्याच नव्हत्या, बोलण्यात होत्या. कंपनीचे साहेब म्हणाले, ते नंतर होईल. लक्ष्मी म्हणाली, मग जमीनपण नंतर.

शेवटी मामलेदारांनी हात वर करायला सांगितले. पुढच्या रांगेतले काही वर गेले. जेसंगचा हात कोपरापर्यंत गेला, तिथं थबकला, आणि मग त्यानं त्या हातानं मान खाजवली. खेताभाईनं वर केला, आणि खाली केला नाही; तो माणूस शब्दाचा आहे. विरोधात म्हणाल तर वांढ सगळी, सुमरा मोहल्ला सगळा, बायका जवळजवळ सगळ्या, आणि आहिरांतले बरेच. मोजायची गरजच पडली नाही.

मामलेदारांनी लिहिलं: ठराव नामंजूर. टोपण लावता लावता ते भचीला म्हणाले, "बेन, एवढ्यानं संपत नाही. वरूनही निर्णय होऊ शकतो. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

"वर कोण बसतं?"

"जिल्ह्याला. त्याच्यावर राजधानीत."

"खुर्चीवरच बसत असतील ना?"

"हो."

"मग येऊ आम्ही. बसायचं जमत न्हाय आम्हाला, पण चालायचं जमतं." तिनं लुडी सारखी केली. "अंगठ्यांचा कागद तेवढा फाईलीतून काढून बाजूला ठेवा. मी तो पुन्हा मागायला येणार आहे."

मामलेदारांनी तो कागद खरंच वेगळा काढला आणि स्वतःच्या पिशवीत घातला. त्याचं पुढं काय होईल ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पाइपलाइन येणार होतीच. कुठून, हे अजून ठरायचं होतं. सजणभा त्या दिवसापासून भचीच्या घरावरून जाताना खाकरायचे बंद झाले. रुसले होते. खाकरणं म्हणजे सुनेला लुडी ओढायची सूचना. ती न देता ते मागच्या वाटेनं जायला लागले. भचीनं त्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही, पण उंटिणीचं दूध त्यांच्या घरून यायचं थांबलं आणि ती शेळीच्या दुधाचा चहा प्यायला लागली, चेहरा वाकडा करून.

सभा उठली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. उमरनं तिला मोटारसायकलवर वांढीपर्यंत सोडतो म्हटलं. ती म्हणाली, "त्या फटफटीवर बसले तर दुसरा गुडघाही जाईल," आणि काठी टेकत निघाली. गायरानातून मेंढ्या आपसूक तिच्या मागं आल्या. वाड्याजवळ पोचली तर कोकरांनी आकांत मांडलेला. पाजायची वेळ टळून गेली होती. तिनं एकेक करून सगळी लावली, मग सगळ्यात शेवटी राहिलेली एक मेंढी गुडघ्याशी ओढून घेतली. तिच्या कानात गोचिडं झाली होती. दोन दिवस धावपळीत राहून गेलं होतं.

फोन वाजला. शेजारणीनं तो चालू करून तिच्याजवळ जमिनीवर ठेवला. रणमल होता.

"काय झालं? इकडं कुणी काय, कुणी काय सांगतंय. तू झाडाशी बोललीस म्हणे?"

"बोलले."

"आणि दादा उठले?"

"उंट बघायला गेले."

पलीकडे तो हसला, मग गंभीर झाला. "आता पुढं काय?"

"पुढच्या कार्तिकात टेबलाशी उमर बसणार आहे तुमच्या शेजारी. तो वाचेल, मग अंगठा." तिनं मेंढीचा कान उलटा केला, नखात एक गोचीड धरलं आणि खुडून दगडावर चिरडलं. "आता ठेवा. हात गुंतलेत माझे."

रणमल आणखी काहीतरी बोलत होता. तिनं दुसरं गोचीड शोधलं.